घामाला अमोनियाचा वास: मॅरेथॉनच्या तयारीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका 34 वर्षांच्या धावपटूचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम तसाच ठेवला आहे. त्यातल्या काही चुका माझ्याच आहेत आणि त्या क्रमातच दिसतात.

त्या तीन वर्षं नियमित धावत होत्या. दोन मॅरेथॉन पूर्ण झाल्या होत्या, तिसरी 11 आठवड्यांवर आली होती. आठवड्याला साधारण 65 किलोमीटर, त्यात शेवटी एक लाँग रन, 26 ते 30 किलोमीटरचा. चार महिन्यांपूर्वी त्यांनी ठरवलं की वजन थोडं उतरवलं तर वेळ सुधारेल. कर्बोदकं कमी केली, प्रथिनं वाढवली. वजन 58 वरून 54 किलोवर आलं. सुरुवातीला पाय हलके वाटले, वेगही वाढला, त्यामुळे आपण बरोबर वाटेवर आहोत याची त्यांना खात्री पटली. मग सप्लिमेंट एकेक करून वाढत गेली. व्हे प्रोटीन दिवसातून दोनदा. लाँग रनच्या आधी 10 ग्रॅम आणि धावताना पाण्यातून आणखी 10 ग्रॅम बीसीएए, म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं, प्रथिनांचे सुटे घटक. धावून आल्यावर 10 ग्रॅम ग्लुटामिन, हेही अमिनो आम्लच. शेवटच्या दोन आठवड्यांत रक्तप्रवाह सुधारावा म्हणून 5 ग्रॅम आर्जिनिन, आणखी एक अमिनो आम्ल. लाँग रन पहाटे, उपाशीपोटी, सोबत फक्त ते बीसीएएचं पाणी.

त्या आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आल्या तेव्हा सोबत तीन गोष्टी होत्या: आठवड्याची आहाराची नोंद, लॅबचा एक रिपोर्ट आणि न उघडलेला एक डबा. डब्यात ऑर्निथिन आणि सिट्रुलिन या आणखी दोन अमिनो आम्लांचं मिश्रण होतं. त्यांचा प्रश्न सरळ होता: "मॅडम, हा डबा आजपासून सुरू करू का?"

अडचण

तक्रार तीन भागांत होती. पहिली वासाची. साधारण 18 किलोमीटर झाले की नाकात उग्र अमोनियाचा वास यायचा. आधी त्यांना वाटलं बूट नाही तर कपडे. नवे कपडे घेऊनही वास गेला नाही. दुसरी पायांची: 22 किलोमीटरनंतर पाय दगडासारखे जड होत आणि त्या दिवसाचा थकवा दोन दिवस उतरत नसे. तिसरी तक्रार त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितली, ती डोक्याची. शेवटच्या अर्ध्या तासात धुकं भरल्यासारखं व्हायचं. रोजच्या वाटेवरचं वळण एकदा चुकलं. उरलेलं अंतर आणि लागणारा वेळ याचा साधा हिशेब जमेना.

वासाबद्दल वाचता वाचता त्यांनी स्वतःच रक्तातला अमोनिया तपासून घेतला होता. रिपोर्टवर 92 मायक्रोमोल प्रति लिटर असा आकडा होता आणि त्या लॅबची वरची मर्यादा 50 होती. पुढचे चार दिवस त्या झोपल्या नव्हत्या. यकृत बिघडलंय का, मेंदूवर परिणाम झालाय का, हे प्रश्न त्यांनी मला तीनदा विचारले. डबा त्याच भीतीपोटी घेतला होता.

अमोनिया येतो कुठून

पुढचे निर्णय समजायला हे थोडं उलगडून सांगावं लागेल.

व्यायामात स्नायूंमध्ये अमोनिया दोन वाटांनी तयार होतो. पहिली वाट जोरदार, कमी वेळाच्या श्रमाची. एटीपी हा पेशींना ऊर्जा देणारा रेणू झपाट्याने खर्च होतो, त्यातून उरलेला एडीपी साचतो, दोन एडीपी मिळून एक एटीपी आणि एक एएमपी बनतो. हा एएमपी साचू नये म्हणून एएमपी डीअमिनेज हे विकर त्याचा अमिनो गट तोडून त्याचं आयएमपीमध्ये रूपांतर करतं. तो सुटलेला गट म्हणजेच अमोनिया. म्हणून 400 किंवा 800 मीटरच्या जोरदार धावण्यानंतर निरोगी माणसाच्या रक्तातही अमोनिया विश्रांतीच्या कितीतरी पट वाढलेला दिसतो आणि विश्रांती मिळाली की पुन्हा खाली येतो.

दुसरी वाट लांबच्या श्रमाची, आणि या प्रकरणात महत्त्वाची तीच. स्नायूंतला ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपत आला की ऊर्जेसाठी अमिनो आम्लं जास्त प्रमाणात मोडली जातात. त्यात बीसीएएची गंमत अशी की बहुतेक अमिनो आम्लं मुख्यतः यकृतात मोडतात, ही तीन मात्र बरीचशी स्नायूंतच. त्यांचा नायट्रोजन आधी ग्लुटामेट या अमिनो आम्लावर चढतो. तिथून तो अ‍ॅलनिन किंवा ग्लुटामिन बनून यकृत आणि इतर अवयवांकडे निघतो, किंवा मोकळा अमोनिया म्हणून रक्तात उतरतो. अ‍ॅलनिन बनायला पायरुवेट लागतं आणि पायरुवेट येतं ते ग्लुकोज-ग्लायकोजेनमधून. कर्बोदकं आटली की नायट्रोजन वाहून नेणारी ही गाडीच कमी पडते, आणि त्याच वेळी बीसीएए मोडणारं विकर जास्त सक्रिय होतं. माल वाढतो, गाड्या घटतात.

याचा निसर्गानेच दाखवलेला पुरावा म्हणजे मॅकार्डल आजार. ब्रायन मॅकार्डल यांनी 1951 मध्ये त्याचं वर्णन केलं. या रुग्णांच्या स्नायूंत ग्लायकोजेन असतो, पण तो फोडणारं विकर नसतं. थोड्याशा श्रमातही त्यांच्या रक्तात अमोनिया प्रमाणाबाहेर चढतो, ग्लायकोजेन मोडल्यावर बनणारं लॅक्टेट मात्र वाढत नाही. उपाशीपोटी, कमी कर्बोदकांवर 30 किलोमीटर धावणारा माणूस काही तासांपुरता याच दिशेने सरकत असतो, असं मी समजावते.

तयार झालेला अमोनिया यकृत युरियात बदलतं. हे युरिया चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी 1932 मध्ये उलगडलं. यकृताच्या पातळ कापांमध्ये थोडंसं ऑर्निथिन घातलं की युरिया बनण्याचा वेग वाढतो, हे त्यांना दिसलं होतं. त्या डब्यावरचा दावा याच निरीक्षणाच्या खांद्यावर उभा होता. पण त्याच प्रयोगाने हेही दाखवलं की ऑर्निथिन चक्रात खर्च होत नाही, ते फिरून परत तयार होतं. निरोगी यकृतात त्याचा तुटवडा नसतो. शिवाय जोरात धावताना पोटातल्या अवयवांकडचा रक्तप्रवाहच घटतो. अमोनिया यकृतापर्यंत पोचायलाच कमी वाट असेल, तर यकृतात ऑर्निथिनची भर घालून किती फरक पडणार?

रिपोर्टचा आकडा

इथे पहिला खरा निर्णय होता: 92 हा आकडा खरा धरायचा की नाही.

मी त्यांना रक्त कसं काढलं ते अथपासून इतिपर्यंत सांगायला लावलं. शीर मिळेना म्हणून दंडावरचा पट्टा बराच वेळ घट्ट ठेवला होता. मूठ उघडझाप करायला सांगितली होती. नळी बर्फात ठेवली नव्हती, इतर नळ्यांसोबत स्टँडवर ठेवली होती. त्या पैसे भरून, पाणी पिऊन, दीड तासाने निघाल्या तरी ती तिथेच होती.

अमोनियाच्या तपासणीत यातली प्रत्येक गोष्ट आकडा वर ढकलते. मुठीच्या हालचालीने हाताच्या स्नायूंतूनच अमोनिया येतो. रक्त नळीत पडून राहिलं की तांबड्या पेशी आणि प्लेटलेट्स अमोनिया सोडत राहतात, रक्त फुटलं तर आणखी. म्हणून नमुना पट्टा न बांधता किंवा अगदी थोडा वेळ बांधून घ्यायचा, लगेच बर्फात ठेवायचा आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, पंधरा मिनिटांच्या आसपास वेगळा करायचा, अशी शिस्त असते. सिगारेटच्या धुरानेही नमुना बिघडतो.

म्हणजे हा आकडा बहुधा नळीतच वाढला होता. पण "बहुधा" या शब्दावर मी थांबायला नको होतं. मी त्यांना सांगितलं, काळजी करू नका, हा आकडा विश्वासाचा नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि माझाही. त्या दिवशी मी पुन्हा तपासणी सुचवली नाही. वेळ वाचवल्यासारखं वाटलं, प्रत्यक्षात तीन आठवडे गेले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय डब्यातलाच होता, ऑर्निथिन आणि सिट्रुलिन सुरू करणं. काही छोट्या प्रयोगांत अशा पूरकांनी व्यायामानंतरचा अमोनिया किंवा थकवा थोडा कमी झाल्याचं दिसलं आहे, काहींत काहीच फरक पडला नाही. धोका फार मोठा नव्हता. तरी मी नको म्हटलं, कारण डोक्यातलं धुकं कशामुळे आहे हे कळायच्या आधी त्याच्यावर आणखी एक थर चढला असता.

दुसरा पर्याय, सगळी सप्लिमेंट बंद करून आहार तसाच ठेवणं. तिसरा, सप्लिमेंट तशीच ठेवून धावताना कर्बोदकं देणं. चौथा, दोन्ही एकदम. पाचवा, काहीच न बदलता आधी डॉक्टरांकडे पाठवणं आणि तोवर लाँग रन थांबवणं.

त्यांच्यासमोर बसून मी नायट्रोजनचा हिशेब मांडला. 20 ग्रॅम बीसीएएमध्ये साधारण 2.2 ग्रॅम नायट्रोजन असतो. 10 ग्रॅम ग्लुटामिनमध्ये 1.9 ग्रॅम, कारण त्याच्या प्रत्येक रेणूत दोन नायट्रोजन. 5 ग्रॅम आर्जिनिनमध्ये 1.6 ग्रॅम, त्याच्या रेणूत चार. बेरीज 5.7 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ 36 ग्रॅम प्रथिनांइतका नायट्रोजन, आणि तोही अशा दिवशी जेव्हा शरीर आधीच अमोनियाशी झुंजत आहे. यातला सगळा मोकळा अमोनिया होतो असं नाही. पण ज्या थकव्यावर उपाय म्हणून हे घेतलं जात होतं, त्यातच भर पडण्याची वाट इथे उघडी होती. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आगीत तेल ओतत होते?" मी म्हटलं, आग मोठी आहे का ते अजून पाहायचंय, पण तेल नक्की आहे.

बीसीएए घेण्यामागे त्यांच्याकडे एक कारणही होतं आणि ते अगदीच हवेतलं नव्हतं. एरिक न्यूजहोम आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मांडलं होतं की लांबच्या श्रमात रक्तातले बीसीएए घटतात, मोकळं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वाढतं, ते मेंदूत जास्त शिरून सिरोटोनिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन वाढवतं आणि थकवा डोक्यातून येतो. बीसीएए दिले तर ट्रिप्टोफॅनला मेंदूच्या दारात स्पर्धा मिळेल, असा तर्क. तर्क देखणा आहे. पण 1995 मध्ये व्हान हॉल आणि सहकाऱ्यांनी सायकलपटूंवर तो तपासला तेव्हा बीसीएए दिल्याने दमेपर्यंतचा वेळ वाढला नाही, रक्तातला अमोनिया मात्र वाढला. उलट दिशेचं काम 2005 चं: लार्स निबो आणि सहकाऱ्यांना दिसलं की दीर्घ श्रमात मेंदू रक्तातून अमोनिया उचलतो, आणि व्यायामादरम्यान ग्लुकोज दिलं तर हे उचलणं कमी राहतं. मला सगळ्यात जास्त पटलं ते हे.

पहिला निर्णय आणि तो अपुरा का पडला

तरीही मी सुरुवात दुसऱ्या पर्यायाच्या अर्ध्यावर केली. बीसीएए, ग्लुटामिन आणि आर्जिनिन बंद, डबा न उघडता बाजूला, आहार तसाच. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर काय कशामुळे झालं ते कळेल, हा विचार. कागदावर तो शिस्तीचा वाटतो.

दोन लाँग रन तसे झाले. वास थोडा उशिरा, 20-21 किलोमीटरच्या आसपास येऊ लागला आणि सौम्य झाला. पाय तसेच जड. धुकं तसंच. दुसऱ्या लाँग रनला त्या 24 किलोमीटरवर थांबल्या आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या. त्यांनी मला फोन केला नाही, त्यांच्या कोचने केला. कोचचं वाक्य मला आठवतं: "मॅडम, तिला धावायला इंधन नाही आणि आपण डबे मोजतोय."

कोच बरोबर होते. आहाराची नोंद पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर होती. दिवसाची कर्बोदकं सुमारे 130 ग्रॅम, म्हणजे दर किलो वजनामागे जेमतेम 2.4 ग्रॅम. रोज तासभर मध्यम ते जोरदार व्यायाम करणाऱ्यासाठी 5 ते 7 ग्रॅम सुचवले जातात. प्रथिनं मात्र 150 ग्रॅम, दर किलोमागे 2.8. हे आकडे मी पाहिले होते, पण अमोनिया आणि सप्लिमेंट हा विषय इतका रोचक होता की मी त्यातच अडकले.

डॉक्टरांकडे

त्या फोननंतर मी दोन गोष्टी त्याच दिवशी केल्या: लाँग रन थांबवायला सांगितला आणि त्यांना क्रीडावैद्यकातल्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी पहिल्या दहा मिनिटांत विचारलेले प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारायला हवे होते.

प्रथिनांनी भरलेलं जेवण झाल्यावर, न धावताही, कधी मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होतं का? लहानपणी वारंवार उलट्या, मांस-अंड्यांची घृणा असं काही होतं का? कुटुंबात एखादा मुलगा जन्मल्यावर काही दिवसांत दगावला आहे का? या प्रश्नांमागे युरिया चक्राचे जन्मजात दोष होते. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा, ऑर्निथिन ट्रान्सकार्बामिलेजचा, एक्स गुणसूत्रावर असतो. मुलग्यांमध्ये तो बहुधा जन्मानंतर लगेच गंभीर रूप घेतो, पण सदोष जनुक वाहणाऱ्या स्त्रिया वर्षानुवर्षं ठणठणीत राहून एखाद्या आजारपणात, लांबच्या उपासात किंवा अचानक प्रथिनं वाढवल्यावर लक्षणं दाखवू शकतात. स्त्री, प्रथिनांत मोठी वाढ, डोक्यातला गोंधळ आणि रिपोर्टवर वाढलेला अमोनिया. ही चौकट माझ्यासमोर पहिल्या दिवशी होती आणि मी "नमुना बिघडला असेल" म्हणून पुढे गेले होते. शक्यता कमी होती हे खरं. पण चुकली असती तर किंमत जिवाची होती, आणि तपासायला एक रक्ताची नळी आणि थोडी लघवी पुरली असती.

तपासण्या पाच दिवस जोराचा व्यायाम न करता केल्या, कारण लांब धावल्यावर यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी एएसटी आणि एएलटी ही विकरं स्नायूंमधूनच वाढतात आणि यकृत बिघडल्याचा भास होतो. अमोनियाचा नमुना या वेळी पट्ट्याविना, बर्फात, आणि लगेच वेगळा केला. आकडा 27. यकृताच्या तपासण्या ठीक. प्लाझ्मातली अमिनो आम्लं ठीक: युरिया चक्राच्या दोषात ग्लुटामिन चढतं आणि या विशिष्ट दोषात सिट्रुलिन उतरतं, यातलं काहीच नव्हतं. या दोषात लघवीत वाढणारं ओरोटिक आम्लही वाढलेलं नव्हतं.

आणि मग डॉक्टरांनी पाळीबद्दल विचारलं. गेले दहा आठवडे आली नव्हती. त्यांना वाटलं होतं, जोरदार सराव चालू आहे म्हणजे असं होतंच.

इथे प्रकरणाचा रोख बदलला. आम्ही ऊर्जेचा हिशेब केला. रोज सुमारे 1650 किलोकॅलरी पोटात. धावण्याचा खर्च दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण 1 किलोकॅलरी धरला तर 65 किलोमीटरच्या आठवड्याला 3500 च्या आसपास, रोजचे 500. चरबीविरहित वजन अंदाजे 43 किलो. धावण्याचा खर्च वजा करून उरतात या चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे 27 किलोकॅलरीहून थोडे कमी. स्त्रियांमध्ये 30 च्या खाली हा आकडा दीर्घकाळ राहिला की संप्रेरकं, हाडं, पाळी या सगळ्यांवर परिणाम होण्याचा धोका वाढतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये याच स्थितीला खेळातला सापेक्ष ऊर्जाअभाव असं नाव दिलं. घामाचा वास या मोठ्या तुटीचा एक छोटासा धूर होता.

केलेले बदल

आता एकेक बदलाची शिस्त सोडून दिली. आठ आठवडे उरले होते आणि तूट इतकी उघड होती की तिच्यावर प्रयोग करत बसणं मला पटेना. कर्बोदकं दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने 300 ग्रॅमपर्यंत नेली, दर किलोमागे साडेपाचच्या आसपास. प्रथिनं 95 ग्रॅमवर आणली, दर किलोमागे 1.75. सहनशक्तीच्या खेळाडूला 1.2 ते 2 ग्रॅम पुरतात. व्हे दिवसातून एकदाच राहिलं. एकूण ऊर्जा 2100 किलोकॅलरीच्या पुढे गेली आणि चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागचा आकडा 37 च्या वर. वजन वाढेल ही भीती त्यांनी स्पष्ट बोलून दाखवली आणि आम्ही त्यावर बराच वेळ बोललो. किती वाढलं तर चालेल, यावर कोच, डॉक्टर आणि त्या स्वतः यांनी मिळून आधीच दोन किलोची मुभा ठरवली. आधी ठरवल्यामुळे पुढे प्रत्येक 300 ग्रॅमवर वाद झाला नाही.

लाँग रनआधी दोन तास 60 ग्रॅम कर्बोदकांचा हलका नाश्ता. धावताना पहिल्या आठवड्यात ताशी 30 ग्रॅम, मग 45, मग 60. 45 वर पोट बिघडलं. कर्बोदकांचं जेल दोन घोट पाण्यावर घेतलं जात होतं, त्यामुळे आतड्यात ते घट्टच राहत होतं. पाणी वाढवलं, जेल अर्धं अर्धं करून दर 15-20 मिनिटांनी घेतलं, आणि 45 वर आणखी एक आठवडा थांबलो. आतड्यालाही सराव लागतो, तो पायांच्या सरावासारखाच हळूहळू होतो.

एक गोष्ट आम्ही केली नाही, आणि त्यांना ती हवी होती: लाँग रन संपताच रक्तातला अमोनिया मोजणं. सुधारणा आकड्यात दिसावी, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. धावल्यावर तो वाढलेला असणारच. किती वाढला हे वेगावर, शेवटच्या किलोमीटरच्या जोरावर आणि थांबल्यानंतर कितव्या मिनिटाला रक्त घेतलं यावर ठरतं. शिवाय न वापरलेल्या हाताचे स्नायू रक्तातला अमोनिया शोषून घेतात, त्यामुळे हाताच्या शिरेतला आकडा धमनीतल्या आकड्यापेक्षा कमी दिसू शकतो. आकडा काहीही आला असता तरी आम्ही पुढे तेच केलं असतं. आजही मला तो नकार बरोबर वाटतो.

निष्पत्ती

बदलांनंतरच्या दुसऱ्या लाँग रनला वास आला नाही. तिसऱ्याला पुन्हा आला. आदल्या रात्री उशीर झाला म्हणून जेवण टळलं होतं आणि सकाळी नाश्ताही अर्धा झाला होता. त्यानंतर शर्यतीपर्यंत एकदाही नाही. धुकं वासाच्या आधीच गेलं. 28 किलोमीटरच्या शेवटी त्या स्वतः वेगाचे हिशेब सांगू लागल्या आणि कोचने मला फक्त तो आवाज रेकॉर्ड करून पाठवला. थकवा दोन दिवसांऐवजी दुसऱ्या सकाळपर्यंत उतरू लागला.

शर्यत पूर्ण झाली, आधीच्या त्यांच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा चार मिनिटं लवकर. वजन 55.2 किलो, म्हणजे जास्त वजनावर जास्त वेग. पाळी परत यायला मात्र चार महिने लागले, शर्यत संपून गेल्यावर. डॉक्टरांचा पाठपुरावा त्यानंतरही चालू राहिला.

यावरून "अमोनिया कमी झाला म्हणून डोकं स्वच्छ झालं" असं मी म्हणणार नाही. कर्बोदकांनी मेंदूला ग्लुकोजही मिळालं, एकूण ऊर्जेची तूटही भरली, झोपही सुधारली. वास हीसुद्धा कच्ची खूण आहे. घाम आम्लधर्मी असतो म्हणून अमोनिया त्यात साचतो, आणि घामातला युरिया त्वचेवरचे जिवाणू फोडतात तेव्हाही तोच वास येतो. घामाच्या वासावरून रक्तातला आकडा सांगता येत नाही. शेवटच्या टप्प्यात सगळं एकदम बदलल्यामुळे रोजची कर्बोदकं जास्त उपयोगी पडली की धावतानाची, हे या प्रकरणातून कळत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाळीचा प्रश्न पहिल्या भेटीत. तो विचारायला मला अवघड वाटलं नव्हतं, सुचलाच नाही, कारण समोर अमोनियाचा रिपोर्ट होता. एका रोचक आकड्याने साध्या प्रश्नांची जागा खाल्ली.

बिघडलेला नमुना ओळखणं बरोबर होतं, त्यावर थांबणं चूक होतं. संशयास्पद आकडा आला तर तो फेटाळायचा नसतो, नीट पद्धतीने पुन्हा घ्यायचा असतो. विशेषतः डोक्याची लक्षणं सोबत असतील तर त्याच आठवड्यात. लाँग रनही तेव्हाच थांबवायला हवे होते. एकटीने 24 किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला बसण्याची वेळ त्यांच्यावर यायला नको होती.

एका वेळी एक बदल या नियमाबद्दल माझं मत थोडं बदललं आहे. तूट लहान असेल, वेळ असेल, तर तो उत्तम आहे. पण दर किलोमागे 2.4 ग्रॅम कर्बोदकांवर मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या माणसात आधी सप्लिमेंट काढून पाहणं म्हणजे माझ्या कुतूहलासाठी त्यांचे दोन लाँग रन खर्च करणं होतं.

सप्लिमेंट काढण्याचा क्रमही मी आता वेगळा ठेवला असता. आर्जिनिन आणि ग्लुटामिन लगेच, बीसीएए मात्र त्याच दिवशी कर्बोदकांच्या पेयाने बदलून. नुसतं काढून घेतल्यावर त्यांच्या हातात साधं पाणी उरलं, आणि उपाशीपोटी धावणं तसंच राहिलं.

माझ्या पहिल्या भेटीच्या कागदावर आता सप्लिमेंटच्या रकान्याआधी तीन ओळी आहेत: पाळी शेवटची कधी आली, न धावता प्रथिनं जास्त खाल्ल्यावर काय होतं, आणि गेल्या लाँग रनच्या आदल्या रात्रीपासून शेवटच्या किलोमीटरपर्यंत पोटात काय गेलं. तिसऱ्या ओळीसाठी सगळ्यात जास्त जागा सोडली आहे.